इंद्रभानसाठी ठेवलेली अंजिरं

इंद्रभानने अंजिराची बाग लावली तेव्हा गावाने त्याला वेड्यात काढलं. देऊळगाव राजाच्या आमच्या भागात कपाशी, सोयाबीन, फार तर मोसंबी. आता तर शेडनेट टाकून बियाण्याचे प्लॉट करणारे घरटी सापडतील. अंजीर मात्र कुणी लावलं नव्हतं. "नाल्याकाठी उंबरं फुकट हायेत, हा काऊन लावून राह्यला बे?" असं पारावर चालायचं. त्याच्या अन् माझ्या वावराचा बांध एकच, त्यामुळे ही सगळी चेष्टा आधी माझ्या कानावर यायची आणि मग मी ती त्याच्या कानावर घालायचो. तो हसायचा. हसला की त्याचे सुपारीने लाल झालेले दात दिसायचे. त्या सुपारीचा मला तेव्हाही राग यायचा आणि आता तर विचारूच नका.

झाडं फळाला आली आणि गावाची तोंडं बंद झाली. पण मला नवाच ताप सुरू झाला. इंद्रभान उजाडता उजाडता बागेत शिरायचा. बोटांना खोबरेल तेल चोळलेलं, कारण अंजिराच्या देठातून निघणारा चीक कातडी सोलून काढतो. तोडणी तो दुसऱ्या कुणाच्या हाती देत नसे, बायकोच्याही नाही. पिकलेलं फळ मान टाकतं, ते हलक्या हाताने पिरगाळून घ्यायचं. प्रत्येक ओळीतलं एक अंजीर फोडून अर्धं स्वतः खायचं आणि उरलेलं अर्धं समोर जो उभा असेल त्याच्या तोंडात. समोर बहुतेक वेळा मीच असायचो, हातात दातवण घेऊन.

"कसं हाये?" तो विचारायचा.

"गोड हाये."

"कोनतं गोड? गुळावानी, मधावानी, का नुसतं पान्यावानी?"

"गोड म्हंजे गोड! सकायी सकायी डोकं खाऊ नको."

"तुह्यासंग बोलून फायदा नाई. तू चहात साखर नाई टाकत, साखरेत चहा टाकतो."

पण त्याची जीभ खरीच होती. कोणत्या ओळीला पाणी जास्त झालं, कोणत्या झाडाला शेणखत कमी पडलं, हे तो चवीवरून सांगायचा. फळाच्या खालच्या बाजूला बारीक भोक असतं, त्याला तो 'डोळा' म्हणायचा. तिथून हवा शिरली की फळ तिथूनच आंबायला लागतं. डोळा उघडलेलं फळ त्याने कधी पाटीत पडू दिलं नाही. तोडलेला माल त्याच दिवशी जालन्याला जायचा. अंजीर रात्र काढत नाही, असं तो म्हणायचा.

गेल्या पावसाळ्यात त्याच्या गालाच्या आत फोड आला. सुपारीने आपलं काम केलं होतं. संभाजीनगरला ऑपरेशन झालं, मग विजेचे शेक, म्हणजे रेडिएशन, दिले. माणूस अर्धा होऊन परत आला, पण आला. आम्हाला तेवढ्यात आनंद होता. त्याला नव्हता, कारण त्या शेकात त्याची जीभ गेली होती. म्हणजे जागेवर होती, पण मिठाची चव नाही, साखरेची नाही, काहीच नाही. भाकरी दुधात कुस्करून दिली तरी ओला कापूस चघळल्यासारखं वाटतं, म्हणायचा. डॉक्टर म्हणाले, चव हळूहळू येईल, काही महिने लागतील.

तेवढ्यात बहार आला. अन्नपूर्णाबाईंनी, म्हणजे त्याच्या बायकोने, पहिलं अंजीर फोडून त्याच्या हातात दिलं. त्याने ते तोंडात ठेवलं, बराच वेळ ठेवलं आणि तळहातावर काढून टाकलं. "माती हाये," म्हणाला. दुसऱ्या दिवसापासून तो बागेत गेला नाही. तोडणी अन्नपूर्णाबाईंच्या गळ्यात पडली.

आजारी माणूस रिकामा बसला की भलतेच हिशेब मांडतो. इंद्रभानने मांडला, आणि मुलाला, हर्षलला समोर बसवून सांगितला. मीही तिथेच होतो.

"अंजीर गोड लागलं की मी बरा. नाई लागलं तं रोग आतच हाये, डॉक्टर काईबी म्हनो. आखितीपरेंत वाट पाहू. आखितीले जीभ नाई आली तं बाग काढून टाक अन् तुह्यं शेडनेट घाल तिथं. अन् मले त्या दवाखान्यात पुन्हा न्यायचं नाई."

आखिती म्हणजे अक्षय तृतीया. हर्षलने मान हलवली. हर्षलला नाही म्हणता येत नाही, हा त्याचा जन्माचा दोष. पोरगा कष्टाळू, बियाण्याचे प्लॉट नीट सांभाळतो, पण समोरच्याचं तोंड पाहून बोलतो. मधे इंद्रभानला तपासणीला नेऊन आणलं तेव्हा मी विचारलं, "काय म्हनले डॉक्टर?" तर म्हणाला, "सगळं चांगलं हाये काका," आणि माझ्याकडे न पाहता रस्त्याकडे पाहत राहिला.

तसं त्याला एकट्याला तरी काय बोलायचं? आमच्याकडची रीतच ती. आजाऱ्याला भेटायला गेलेला माणूस आत म्हणतो, तब्येत भरली बरं तुमची, आणि बाहेर ओट्यावर चपला घालताना म्हणतो, काही खरं नाही. मला या प्रकाराची चीड आहे. आजारी माणसाचे कान काही शेकात जात नाहीत.

अन्नपूर्णाबाईंची अडचण वेगळी होती. यंदा ऊन लवकर तापलं आणि बहार आखितीच्या बराच आधी सरत आला. जीभ आली आणि अंजीरच नसलं, तर? पुढचा बहार पुढच्या वर्षी. तोवर बाग उपटलेली असणार आणि माणसाचं काय झालेलं असेल हे बोलायची सोय नाही. त्या रात्रंदिवस याच घोरात होत्या.

त्यांचं माहेर सुलतानपूरकडचं. घरची गावरान आंब्याची झाडं. आंबा कडक असताना उतरवायचा, पराळात, म्हणजे वाळल्या पेंढ्यात, अढी घालायची आणि पिकला की काढायचा, हे त्या लहानपणापासून करत आलेल्या. त्यांचा भाचा ज्ञानेश्वर जालना रोडवरच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये कामाला. तिथे मिरची, मोसंबी, बियाणं असं सगळं असतं. अन्नपूर्णाबाई त्याच्याकडे गेल्या.

"मावशी, पिकेल अंजीर इथं टिकत नाई," ज्ञानेश्वर म्हणाला. "कडक असंल तं आन. आठ-दहा रोज राहीन, जास्त झालं तं माह्यावर बोल नको लावू."

"कडकच आनते. मंग घरी अढी घालीन."

तो आंबा-मिरचीतला माणूस, त्याला तरी काय माहीत? आणि ज्याला माहीत होतं त्याला विचारायची सोय नव्हती, कारण ही गोष्ट इंद्रभानपासून लपवून ठेवायची होती. आखितीला ताटात एकदम अंजीर दिसलं पाहिजे, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. झाडावरून कच्चं उतरलेलं अंजीर पिकत नसतं, मऊ तेवढं पडतं, हे त्याने एका वाक्यात सांगितलं असतं. त्या वाक्यासाठी मी आजही हळहळतो.

शेंड्याकडची उरलेली फळं त्यांनी मान ताठ असतानाच तोडली. एका कॅरेटमध्ये अंजिराचीच पानं अंथरून ती मांडली आणि ज्ञानेश्वरने मोसंबीच्या खोलीत कोपऱ्यात ठेवून दिली. अन्नपूर्णाबाई बाजाराच्या निमित्ताने एसटीने जायच्या आणि ते कॅरेट पाहून यायच्या. दार उघडलं की अंगावर थंडगार वाफ यायची, पदर डोक्यावरून घट्ट ओढून त्या आत शिरायच्या. फळं जशीच्या तशी. उलट जांभळा रंग आणखी उठून दिसत होता. "पाय बाप्पा, काल तोडल्यावानी," त्या ज्ञानेश्वरला म्हणायच्या. पुढे पुढे देठाजवळ सुरकुत्या धरल्या, पण एवढ्याने त्यांचा हुरूप गेला नाही. आठ-दहा रोज केव्हाच उलटून गेले होते.

इकडे इंद्रभानमध्ये थोडा फरक पडला होता. वरणात हिंग जास्त झालाय का, असं एकदा त्याने विचारलं. अन्नपूर्णाबाई चुलीपुढे उभ्या राहून रडल्या आणि बागेच्या आशेने त्यांना पुन्हा जोर आला.

सणाच्या दोन दिवस आधी त्यांनी कॅरेट घरी आणलं. उन्हात आल्यावर फळांना दरदरून घाम फुटला. एकेक फळ त्यांनी जुन्या धोतराच्या मऊ फडक्याने टिपलं, मागच्या खोलीत पराळात ठेवलं, वर पोतं टाकलं. सणाच्या सकाळी काढून पाहिलं तर मऊ. पिकली, असं त्यांना वाटलं. एक चाखून पाहायचं की नाही? नाही. आखितीला पितरांना नैवेद्य असतो, घागर भरायची असते, आणि नैवेद्यातली वस्तू आधी उष्टी करत नाहीत. ही अंजिरं नैवेद्याच्या ताटात जाणार होती. तेव्हा चाखण्याचा प्रश्नच नव्हता.

त्या दिवशी मी नेमका बहिणीकडे जालन्याला गेलेलो. पुढचं मला अन्नपूर्णाबाईंनी सांगितलं आणि हर्षलनेही, वेगवेगळं बसून. दोघांच्या सांगण्यात काही फरक नाही.

पितरांचा मान म्हणून भाऊराव जेवायला होते. इंद्रभानचे थोरले चुलतभाऊ, गोड खाणारे आणि गोड बोलणारे. ताटात आमरस, पुरणपोळी, कुरडई आणि प्रत्येकाच्या ताटात बाजूला अंजीर. इंद्रभान पाटावर बसला आणि ताटाकडे पाहतच राहिला.

"हे कुठून आलं वं?"

"आपल्याच बागंतलं हाये," अन्नपूर्णाबाई दारातून म्हणाल्या. "तुमच्यासाठी कोल्डात ठेवलं होतं."

रसाला हात न लावता त्याने आधी अंजीर उचललं. देठ काढला, फोडलं, आत गर चांगला लाल दिसत होता. अर्धं तोंडात टाकलं, डोळे मिटले. त्याच्या गालाच्या शिवणीपाशी हालचाल होत होती ती सगळे पाहत होते. मग त्याने डोळे उघडले आणि उरलेलं अर्धं हर्षलपुढे धरलं, जसं रोज सकाळी माझ्यापुढे धरायचा.

"खा."

हर्षलने खाल्लं.

"कसं लागून राह्यलं?"

हर्षलने वर पाहिलं. दारात आई उभी होती, पदराचं टोक दोन्ही हातांत पिळत.

"गोड हाये, बाबा."

"कोनतं गोड?"

"मधावानी."

"साखर हाये रे, साखर!" भाऊरावांनीही आपलं संपवत सांगितलं.

इंद्रभानने बोटं ताटातच धुतली. रस तसाच, पोळी तशीच. भरल्या ताटावरून तो माणूस आयुष्यात पहिल्यांदा उठला.

"उद्या मशीन बोलाव," हर्षलला म्हणाला, आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून निजला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जालन्याहून आलो तर वावरातून जेसीबीचा आवाज. मला वाटलं विहिरीचं काम असेल. बांधावर येऊन पाहतो तर अंजिराच्या दोन ओळी आडव्या. मुळांना ओली माती तशीच, पानं अजून हिरवीगार. इंद्रभान निंबाखाली उलट्या कॅरेटवर बागेकडे पाठ करून बसलेला आणि हर्षल मशीनजवळ उभा. मला एवढा संताप आला की आधी कुणावर ओरडावं हेच कळेना.

तेवढ्यात घराकडून अन्नपूर्णाबाई पळत आल्या. पायात चप्पल नाही, डोक्यावर पदर नाही. आदल्या दिवशी त्या जेवल्याच नव्हत्या. सकाळी नैवेद्याचं ताट आवरताना उरलेलं एक अंजीर त्यांच्या हाती आलं. बागेचं शेवटचं फळ, आता कोण खाणार, म्हणून त्यांनी ते तोंडात टाकलं.

"थांबवा ते!" त्या ओरडल्या. "अहो, थांबवा! अंजीर खराब होतं! काहीच गोड नाई त्याच्यात. कच्चं तोडलं मी, माहीच चूक हाये. तुमची जीभ बरी हाये!"

इंद्रभानने मान वर केली. "तू माह्यं मन राखून राह्यली."

"देवाच्यान नाई!"

"पोरगं खोटं बोललं का मंग? भाऊराव खोटं बोलले? भरल्या ताटावर?"

अन्नपूर्णाबाई हर्षलकडे वळल्या. जेसीबीवाल्याने आपणहून मशीन बंद केलं होतं.

"तुले गोड लागलं होतं का रे?"

हर्षलने पायाखालचं ढेकूळ फोडलं. "नाई, माय."

"मंग काऊन म्हनला?"

"तू इतकं जपून ठेवलं होतं. तुह्यं तोंड पाह्यलं अन्... पचपचीत होतं. डोळ्याकडं आंबट लागलं."

इंद्रभान कॅरेटवरून उठला. "आंबट म्हंजे कसं? ताडीवानी?"

"हाव."

"ते मले लागलं होतं," इंद्रभान हळू म्हणाला. "मले वाटलं, माह्याच तोंडाची घान हाये."

मी मूर्खासारखा पुढे झालो. "अरे म्हंजे जीभ आली की तुह्यी!" माझ्याकडे कुणी पाहिलंही नाही. आनंद करायची गोष्ट होती आणि पुढ्यात दोन ओळी पडलेल्या होत्या. मला रडू आवरेना.

इंद्रभान पडलेल्या झाडांपाशी गेला. एका खोडावर हात ठेवून उभा राहिला. मग वळून हर्षलला जवळ बोलावलं. आवाज चढवला नाही.

"आता एक सांग. मागच्या बारीले डॉक्टरनं तुले आत बोलावलं होतं. मी भाईर बाकड्यावर होतो. काय म्हनला तो?"

हर्षलने आईकडे पाहिलं.

"तिच्याकडं नको पाहू. कालबी तिच्याकडंच पाह्यलं होतं."

"मानेले गाठ लागून राह्यली म्हने," हर्षल म्हणाला. "तपासा लागते. काई नसंलबी, पन लवकर आना म्हने."

"किती रोज झाले त्याले?"

"महिना होऊन गेला, बाबा."

अन्नपूर्णाबाई होत्या तिथेच मातीत बसल्या. हर्षल ढसढसा रडत होता आणि मला त्याला एक मुस्काटात द्यावीशी वाटत होती आणि जवळही घ्यावंसं वाटत होतं. इंद्रभानने स्वतःच्या मानेवरून हात फिरवला. एका जागी बोटं थांबली, तिथे त्याने दाबून पाहिलं. मग जेसीबीवाल्याला म्हणाला, "जा बाप्पा, काम झालं." आणि हर्षलला म्हणाला, "डोळे पुस अन् गाडी काढ. आताच जाऊ."

जाता जाता माझ्यावर खेकसला. "तू काय पाहून राह्यला? ऊन चढायच्या आत त्या पडेल झाडायच्या काड्या तोड. ओल्या पोत्यात गुंडाळ. जगतीन तितक्या जगतीन."

ऐन उन्हाळ्यात काड्या लावायचे दिवस नव्हेत, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही. तरी मी दिवसभर काड्या तोडल्या. चीक लागून हात सोलून निघाले, तेल लावायचं सुचलंच नाही. हर्षलच्या शेडनेटमध्ये पिशव्या भरून लावल्या आणि सकाळ-संध्याकाळ पाहत बसलो.

ते तिघं अजून संभाजीनगरलाच आहेत. गाठीचा तुकडा तपासायला दिलाय. परवा इंद्रभानचा फोन आला. त्याचं बोलणं जड झालंय, पण कळतं.

"रिपोट?" मी विचारलं.

"आज नाई. उद्या-परवा. जो येईन तो मीच वाचून घेईन म्हनलं डॉक्टरले." मग म्हणाला, "काड्या कशा हायेत?"

सगळ्या जोरात आहेत, असं अगदी ओठापर्यंत आलं. माणूस दवाखान्यात, उद्या रिपोर्ट, एवढं बोलायला काय जातं? समोर पिशव्यांच्या रांगा होत्या, कितीतरी काळ्या पडलेल्या.

"निम्म्या वाळल्या," मी म्हणालो.

"अन् बाकीच्या?"

"बाकीच्यायले कोंब हाये."

"पानी बेतानं घाल," इंद्रभान म्हणाला.